सांडपाण्याची जुनी तळी बुजवून मशीनचा प्लांट: तुमच्याकडं काय अनुभव?

काठावरचा_काका

मंडळी नमस्कार. गाव खानापूर-निपाणी पट्ट्यातलं, वस्ती वीस हजारांच्या घरात. नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या वेळी नाव लिहिलं तर धागा नळावरून सुरू होऊन निवडणुकीवर संपला.

गावाखाली ओढ्याच्या कडेला सांडपाण्याची तीन तळी आहेत. पहिलं खोल, दुसरं मोठं आणि उथळ, शेवटचं लहान. सगळी मिळून साडेपाच एकर. माझ्या लग्नाच्या वर्षी बांधली म्हणून पक्कं लक्षात आहे, सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं वास नव्हता, बगळे यायचे. आता सकाळी वारा फिरला की खालच्या गल्लीत खिडक्या लावून बसावं लागतं. शेवटच्या तळ्यातून ओढ्यात जाणारं पाणी मेंदीसारखं हिरवं आहे. त्या पाण्यावर मिरचीची रोपं जळतात अशी खालच्या शेतकऱ्यांची तक्रार.

आता ठराव आलाय की तिन्ही तळी बुजवायची, त्यातल्या दीड एकरावर एसबीआरचा (टाकीत मशीननं हवा सोडून सांडपाणी साफ करणारा) प्लांट बांधायचा आणि उरलेल्या चार एकरांत व्यापारी संकुल. हरकतीला पंधरा दिवस. प्रकल्प अहवाल इंग्रजीत आणि वरचं पत्र कन्नडात. मराठी प्रत मागितली तर "झेरॉक्सचे पैसे भरा" म्हणाले आणि इंग्रजीचीच झेरॉक्स दिली.

माझा प्रश्न साधा आहे. तळी सुधारता येतात की खरंच बुजवायच्याच लायकीची असतात? कुणी बघितलंय, केलंय, सोसलंय त्यांनी लिहा.

बेळगावी_मिर्ची

लग्न सव्वीस वर्षांचं, तळी सव्वीस वर्षांची. दोन्हीकडं गाळ कधी काढला होता काका?

काठावरचा_काका

घरचा रोज काढला जातो, माझ्याकडून. तळ्यांचा एकदाही नाही.

नळजोडणी

चार एकर संकुल म्हणजे गाळे. धागा इथंच संपला की हो.

प्लांट_ऑपरेटर

संपला नाही. मी पुण्याकडं एका एसबीआर प्लांटवर सात वर्षं शिफ्ट केली आहे, मूळचा चिकोडी तालुक्यातला. दोन्ही बाजू सांगतो.

एसबीआर म्हणजे एकाच टाकीत चार कामं पाळीपाळीनं: भरा, हवा द्या, बसू द्या, वरचं नितळ काढा. जागा कमी लागते हे खरं. पाणीही चांगलं निघतं, खरं चालवणारा पाहिजे. आमच्याकडं रोज सकाळी पहिलं काम काय, तर हवा चालू असताना टाकीतलं पाणी काचेच्या एक लिटरच्या उभ्या भांड्यात घ्यायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ तीनशे-साडेतीनशेच्या रेघेवर बसला, वर पाणी स्वच्छ राहिलं, रंग चॉकलेटी आणि वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा आला की दिवस चांगला. गाळ आठशेच्या खाली उतरत नसेल तर त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. काळा पडला आणि सडका वास आला म्हणजे हवा कमी पडली. दोन-अडीच वर्षांत तळातून बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरची रबरं चोंदतात, हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचे बेल्ट तुटतात. ती रबरं तालुक्याच्या गावात मिळत नाहीत.

वीज गेली की हवा बंद. जनरेटर असतो. डिझेलचं बिल कोण मंजूर करणार, हा प्रश्नही त्याच्याबरोबरच असतो.

सुगीकर

विजेचा आकडा सांगा की. नुसतं वर्णन नको.

प्लांट_ऑपरेटर

सांगतो. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन येतं. वीस हजार माणसांचं झालं साडेएकवीस लाख लिटर. पंपिंग धरून हजार लिटरला पाव युनिट म्हटलं तरी रोज पाचशे-साडेपाचशे युनिट. युनिटला सात रुपये धरा, महिन्याला लाखाच्या वर. पगार, क्लोरिन, दुरुस्ती वेगळी. तळ्यांना वीज जवळजवळ शून्य, ऊन काम करतं.

शाळामास्तरीण

ऊन काम करतं म्हणजे कसं, हे जरा खुलवून लिहू का? नववीला हेच शिकवते. मोठ्या उथळ तळ्यात वरच्या थरात शेवाळ असतं, ते उन्हात प्राणवायू सोडतं. तो घेऊन जंतू घाण खातात. तळाशी प्राणवायू नसतो, तिथं दुसरे जंतू गाळ कुजवतात. शेवटच्या तळ्यात पाणी काही दिवस उन्हात पडून राहतं आणि रोगजंतू मरतात. म्हणून काका, पाणी हिरवं दिसणं हा दोषच असतो असं नाही. निरोगी तळं हिरवंच असतं. काळं, लालसर किंवा बुडबुड्यांचं झालं की समजायचं पोट बिघडलंय.

काठावरचा_काका

बाई, पहिल्या तळ्यावर साय धरलीय, सायीवर गवत उगवलंय. त्या गवतावर परवा एक रेडकू गेलं आणि कमरेपर्यंत आत रुतलं. चौघांनी दोर लावून काढलं.

जांभा_आणि_काजू

रेडकू बरं हाय न्हवं?

काठावरचा_काका

बरं आहे. मालक अजून त्याच्याजवळ बसत नाही.

मंडळातला_माणूस

पाणीपुरवठा-ड्रेनेजच्या कामात उभी हयात गेली, आता निवृत्त. इथं सगळे तळ्यांच्या प्रेमात पडायच्या आधी एक अडचण मांडतो.

२०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत लहान गावांच्या प्लांटला बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ १०० पर्यंत चालत होता. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं तो आणला १० आणि २० वर. तळ्यातून येणाऱ्या पाण्यात शेवाळ असतंच, आणि शेवाळ हाच तरंगता गाळ. तळं कितीही नीट ठेवा, नुसत्या तळ्यानं २० गाठणं अवघड. त्यामुळं प्रकल्प अहवाल लिहिणारा दरवेळी एसबीआर लिहितो. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नव्हे. मागं तपासणीला कोण उत्तर देणार, हाही त्याचा हिशेब असतो.

नळजोडणी

आणि चार एकरांचा हिशेब?

मंडळातला_माणूस

त्यावर मी पेन्शन धोक्यात घालणार नाही.

सुगीकर

सर, शेवाळ अडवायला काहीच नाही का? तळ्यापुढं दगडगोट्यांचा थर, वर बोरू किंवा कर्दळ लावून पाणी त्यातून सोडतात असं ऐकून आहे.

मंडळातला_माणूस

आहे ना. दगडाचा फिल्टर किंवा वनस्पतींची वाफ्यासारखी टाकी. चालतं. जागा हवी, आणि दगड काही वर्षांनी चोंदतात तेव्हा काढून धुवायला लागतात. जागा तुमच्याकडं साडेपाच एकर आहे. आपल्या अक्षांशाला मोठ्या उथळ तळ्यावर हेक्टरी रोज पावणेतीनशे किलो बीओडीचा भार चालतो असं जुनं भारतीय मानक सांगतं. वीस हजार वस्तीचा भार ५४०-५५० किलोच्या आसपास येईल. म्हणजे दोन हेक्टर, पाच एकर. तुमची साडेपाच एकर म्हणजे त्या वेळच्या माणसानं हिशेब चोख केला होता.

मावळतीचा_वारा

पाण्याला सीमा कळत नाही मंडळी. मलप्रभा कणकुंबीला उगवते, सौंदत्तीजवळ रेणुकासागरात साठते, आणि हुबळी-धारवाड तेच पाणी पितं. वेदगंगा-दूधगंगा पुढं कृष्णेला. आपण वर जे सोडतो ते खाली कुणाच्यातरी घागरीत.

बेळगावी_मिर्ची

"पाण्याला सीमा कळत नाही" हे वाक्य प्रत्येक धाग्यात येतं. पाण्याला कळत नाही, खरं फायलीला बरोबर कळते. वरून पंचगंगेची घाण कृष्णेतनं येते तेव्हा आपले लोक बोट तिकडं दाखवतात, आणि आपलं खाली जातं तेव्हा सगळे पावसाकडं बघतात.

जांभा_आणि_काजू

माझं एक ऐका. आमच्या खानापूर बाजूला जांभा दगड. शोषखड्डा मारला की पाणी कधी गायब झालं कळत न्हाई. लोक खूश. आणि पंधरा फुटांवर विहीर. बेळगावच्या पूर्वेला गेला की काळी माती, तिथं शोषखड्डा महिन्यात भरून वर येतो, लोक शिव्या घालालेत. मला विचाराल तर शिव्या घालणारे जास्त सुरक्षित.

आमच्याकडं सगळ्यांची 'सेफ्टी टाकी'. माझ्या आईला मी दहा वेळा सांगितलं, ते सेप्टिक आहे. ती म्हणते, "सेफ्टीच की, घाण आत सेफ राहतीय."

शाळामास्तरीण

आईंना दंडवत. :)

गल्लीतला_वडेवाला

माझा हॉटेलचा धंदा. पालिकेचा माणूस आला की आधी आम्हाला धरतो, वड्याचं तेल गटारीत सोडता म्हणून. मी सोडत नाही, तळलेलं तेल न्यायला माणूस येतो. भांडी धुतलेलं पाणी मात्र जातं, ते नाकारत नाही. मोरीच्या बाहेर दोन फुटांची टाकी बांधून घेतली, आडव्या फरशीखालनं पाणी जातं आणि तेल वर साचतं. दर रविवारी पत्र्याच्या डावानं काढतो. वास काय येतो ते विचारू नका. सांगायचं एवढंच की हे सगळ्यांनी केलं तर प्लांटवर वर तरंगणारा थर निम्मा होईल.

प्लांट_ऑपरेटर

वडेवाले मामा, तुमच्यासारखे दहा असते तर माझे केस अजून काळे असते.

उमेदवार_पण_नाही

थोडं जड लिहितो. माझा चुलतभाऊ सक्शन गाडीवर आहे. गाव आमचंही सांगत नाही. चेंबर तुंबलं की आजही एखादा मुकादम म्हणतो, "उतर की दोन मिनिटं." २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. भावाला कायदा माहीत नव्हता, वास मात्र माहीत होता. तो सांगतो, सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, नंतर एकदम येईनासा होतो. माणसाला वाटतं गॅस गेला. गॅस गेलेला नसतो, नाक मेलेलं असतं. पुढच्या मिनिटाला माणूस.

एकदा त्याचा जोडीदार तसाच खाली बसला. दोर बांधलेला होता म्हणून ओढून काढता आला. दोर त्यानं स्वतःच्या पैशानं, जनावरांच्या बाजारात घेतलेला. म्हणून नवीन काहीही बांधा, तळी ठेवा नाहीतर मशीन आणा, जेटिंग मशीन (पाण्याच्या जोरानं तुंबलेली गटार मोकळी करणारं) आणि ते चालवायचं प्रशिक्षण अहवालात आहे का, हे आधी बघा. काका, तुमच्या इंग्रजी झेरॉक्समध्ये ते पान असेल तर सांगा.

काठावरचा_काका

बघितलं. एकशे बारा पानांत नाही. व्यापारी संकुलाच्या पार्किंगचा नकाशा मात्र रंगीत आहे.

मंडळातला_माणूस

उमेदवारांचा मुद्दा हरकतीत पहिला लिहा.

सुगीकर

विषय निघालाच आहे तर, बंगळूरजवळ देवनहळ्ळीला २०१५ पासून वेगळीच सोय आहे. ती सुरू झाली तेव्हा भुयारी गटार नव्हती, सक्शन गाड्या सेप्टिक टाक्यांचा गाळ आणून एका लहान केंद्रात ओततात, तिथं तो कुजवून, वाळवून शेतात जातो. मी बघून आलो. आवारात वास आपल्या गोठ्यापेक्षा कमी. भुयारी गटार अर्धवट असलेल्या गावाला हे परवडेल असं वाटतं.

मावळतीचा_वारा

जनतेला विचारतो कोण? मराठी प्रत तर देत नाहीत. भाषिक अल्पसंख्याकांचा हक्क…

नळजोडणी

वाऱ्या, तो धागा वेगळा चालू आहे, तिथं चारशे प्रतिसाद झालेत. इथं गाळ काढू दे.

प्लांट_ऑपरेटर

काका, पंधरा दिवसांतले किती गेले? हरकतीत नुसतं "आम्हाला तळी हवीत" लिहू नका. तीन आकडे घेऊन जा.

पहिला, गाळ किती आहे. लांब बांबूच्या खालच्या टोकाला पांढरा पंचा घट्ट गुंडाळा, दोन-तीन हात उंचीपर्यंत. बांधावरून हळूच तळापर्यंत उभा सोडा, मिनिटभर थांबा, सरळ वर काढा. जिथंपर्यंत पंचा काळा चिकट झालाय तेवढा गाळ, वरचा नुसता ओला. चार ठिकाणी करा. तळ्याचा एक तृतीयांश गाळानं भरला की काढायची वेळ झाली समजा.

दुसरा, पाणी येतंय किती. तळ्यात शिरणाऱ्या पाटात तीन मीटर मोजून खुणा करा, पिंपळाचं वाळकं पान सोडा, किती सेकंदात जातं बघा. पाटाची रुंदी आणि पाण्याची खोली मोजा. वरचं पान जरा जास्त पळतं, म्हणून आलेल्या आकड्याला ०.८५ नं गुणा. सकाळी आठला आणि दुपारी एकला, दोन्ही वेळा.

तिसरा, गावातल्या किती घरांची भुयारी गटारीला जोडणी आहे. एकट्यानं जाऊ नका, दोघं जा, एकाच्या हातात दोर असू दे. पहिल्या तळ्याच्या सायीवर पाय ठेवू नका, रेडकू आठवा.

बेळगावी_मिर्ची

पंचा नवीन घ्या. घरातला नेऊ नका. अनुभवाचं सांगालोय.

काठावरचा_काका (चार दिवसांनी)

झालं. मी आणि मेव्हणा गेलो होतो, सकाळी सात वाजता, धुकं होतं.

मोठ्या तळ्याची खोली पाच फूट. पाणी शिरतं त्या तोंडाशी पंचा तीन फूट चार इंच काळा. मधे दोन फूट. पार शेवटी फूटभर. पहिल्या खोल तळ्यात बांबू गेलाच नाही. साय फोडली तरी दोन हातांवर काहीतरी कठीण लागलं. म्हणजे पहिलं तळं आता तळं नाही, जमीन आहे. सगळी घाण सरळ दुसऱ्यात जाते.

पाट दीड फुटाच्या आत, ४० सेंटीमीटर. सकाळी आठला पाणी १० सेंटीमीटर खोल, पान १२ सेकंदात गेलं. मेव्हण्यानं हिशेब केला, सेकंदाला साडेआठ लिटर, दिवसाला सात लाखांच्या वर. दुपारी ६ सेंटीमीटर आणि १५ सेकंद, म्हणजे दिवसाला साडेतीन लाख. रात्री त्याहून कमी असणार. साडेएकवीस लाख कुठं गेले?

तेही सापडलं. तळ्याच्या वरच्या अंगाला बाजारातली उघडी गटार थेट ओढ्याला मिळते. तळ्यांच्या बाजूनं जाते आणि तळ्यात जात नाही. भुयारी जोडण्यांचा आकडा कार्यालयात मागितला, लिपिकानं वही उघडून दाखवली. आमच्या प्रभागात एकशे नव्वद घरं, जोडण्या एकतीस. लोकांना विचारलं तर म्हणाले, संडास मागच्या अंगाला, पाइप पुढच्या रस्त्यात, मधे अख्खं घर फोडायचं कोण? फरशी पुन्हा घालायला पैसे कोण देणार?

नळजोडणी

म्हणजे वीस लाख लिटरच्या प्लांटला पाच लाख लिटर.

प्लांट_ऑपरेटर

आणि तेही पावसाळ्यात अजून पातळ होणार. एसबीआरमधले जंतू खायला मिळालं नाही की मरतात. माझ्याकडं एका कॉलनीचा प्लांट असाच उपाशी होता, ब्लोअर चालवून नुसती हवा बदलत होतो. मोजणी कुणाच्या सहीनं करून घ्या, म्हणजे मेव्हण्याच्या हिशेबावर कुणी हसणार नाही.

मंडळातला_माणूस

माझं आधीचं मत थोडं बदलतो. एसबीआर कधीच नको असं मी म्हणणार नाही. पाणी आधी आलं पाहिजे. आता हरकतीत क्रम असा सुचवा: बाजारातली गटार वळवून तळ्यात आणा, घरांच्या मागच्या अंगाच्या जोडण्या पालिकेनं बोळातून घ्याव्यात, पहिल्या दोन तळ्यांचा गाळ काढा, दुसऱ्या तळ्यात दोन आडव्या भिंती घाला म्हणजे पाणी तोंडातून शिरून सरळ बाहेर पळणार नाही. शेवटी दगडाचा थर. पाणी वाढून दहा-बारा लाखांवर गेलं की मग त्याच आवारात मशीनचा विचार करता येतो, जागा मोकळी ठेवली तर. संकुलानं ती खाल्ली तर नाही.

गल्लीतला_वडेवाला

काका, बोळातून जोडणी म्हणजे आमच्या मागच्या बोळात तीन घरांची भांडणं. माझ्या भिंतीला पाइप लावा, मी सही देतो. बाकी दोघांचं बघा.

उमेदवार_पण_नाही

गाळ काढणार माणूस की मशीन? तेही लिहा.

प्लांट_ऑपरेटर

मशीन. आधी पाणी दुसरीकडं वळवून तळं आटवायचं, बांधावरून पोकलेन. गाळ वाळत घालायला उरलेली जमीन आहेच. लगेच भाजीच्या शेतात टाकू नका, जंतांची अंडी त्यात वर्षभरही टिकतात. वाळवून, उन्हात पडून, मग ऊस नाहीतर झाडांना.

सुगीकर

वाळायला किती दिवस?

प्लांट_ऑपरेटर

आपल्या उन्हात महिना-दीड महिना, थर पातळ असेल तर. मार्चच्या आत सुरू करा. मिरगाच्या पावसात अर्धवट गाळ सापडला तर ओढ्यातनं सगळा वाहून जातो, आणि मग दोष तळ्याला लावतात.

काठावरचा_काका

हरकत आज दिली. सोबत पंच्याचा फोटो लावलाय. मराठीत लिहिली, कन्नड भाषांतर मेव्हण्याच्या मुलीनं केलं, ती धारवाडला शिकते. लिपिक फोटो बघून म्हणाला, "हे कसलं कापड?" मी म्हटलं, वास घेऊन बघा, अजून गाडीच्या डिकीत आहे. पावती मिळाली.